दुरावलेल्या आपल्या माणसासोबत चर्चच्या दारापर्यंत : एका बहिणीने शिकलेल्या पायऱ्या

2 नोव्हेंबरची संध्याकाळ होती. मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईतल्या आमच्या गावच्या दफनभूमीत कबरींवर झेंडू-शेवंतीच्या माळा चढल्या होत्या आणि फादर पवित्र पाणी शिंपडत एकेक ओळ पुढे येत होते. वारा सुटला होता. माझा धाकटा भाऊ आईच्या कबरीपाशी उकिडवा बसून, तळहाताचा आडोसा करून, विझलेली मेणबत्ती तिसऱ्यांदा पेटवत होता. ज्योत धरल्यावर माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "ताई, आईच्या नावानं मिस्सा लावायची असेल तर हल्ली कुणाला भेटावं लागतं?"

मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आणि ती लावायची म्हणजे मृताच्या नावानं करवून घ्यायची. अकरा वर्षांत त्यानं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी घर नातेवाइकांनी भरलेलं असताना चर्चच्या वर्गणीची थकबाकी त्याला सगळ्यांसमोर ऐकवली गेली होती. त्यानंतर त्यानं रविवारी चर्चची पायरी चढली नाही. पहिली सहा वर्षं मी त्याला समजावत राहिले. रविवारची मिस्सा चुकवणं पाप आहे, आईला काय वाटत असेल, हे सगळं सांगून झालं. रोज सकाळी प्रवचनाचा व्हिडिओ पाठवत होते. शेवटी त्यानं माझे फोन घेणं बंद केलं. पुढच्या पाच वर्षांत मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, त्यामुळे असे दहा-बारा जण जवळून पाहिले आहेत. प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं.

आधीच एक सांगते. हा लेख स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या, आपल्याच घरातल्या, पण दूर गेलेल्या माणसाबद्दल आहे. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला किंवा सुनेला चर्चमध्ये ओढण्याबद्दल नाही. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती नको, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 साली धर्मस्वातंत्र्यावरच्या जाहीरनाम्यात स्पष्ट सांगितलं आहे. आपल्या सख्ख्या भावालाही ते लागू आहे.

पहिली पायरी : बोलण्याआधी प्रार्थना, आणि आपलं स्वतःचं कन्फेशन

संत मोनिकाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिचा मधला भाग सांगायचा राहून जातो. मुलगा ऑगस्टीन भलत्याच पंथाच्या नादी लागला, तेव्हा ती एका बिशपांकडे गेली आणि माझ्या मुलाशी वाद घालून त्याला समजवा म्हणून रडली. बिशपांनी नकार दिला. त्याला सध्या तसाच राहू दे, त्याच्यासाठी प्रार्थना कर, असा त्यांचा सल्ला होता. तिनं पंधराहून अधिक वर्षं तेच केलं. 387 सालच्या ईस्टरच्या जागरणविधीत मिलानमध्ये संत अँब्रोजच्या हातून ऑगस्टीनचा स्नानसंस्कार झाला आणि त्याच वर्षी मोनिका वारली. तिचा सण 27 ऑगस्टला आणि मुलाचा लगेच दुसऱ्या दिवशी, 28 ऑगस्टला येतो.

करायचं काय, तर रोजच्या रोजरीतलं (जपमाळेतलं) एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, त्या माणसाच्या नावानं ठेवा. हे त्याला सांगू नका. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करते" हे वाक्य रागावलेल्या माणसाला टोमण्यासारखं लागतं.

आणि स्वतः कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपल्या पापांची कबुली द्यायला, जा. मी गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की भावाच्या न येण्याचं मला जेवढं दुःख होतं, तेवढीच गावात वाटणारी लाजही होती. ती लाज बाजूला झाल्याशिवाय माझ्या बोलण्यातला काटा जाणार नव्हता.

दुसरी पायरी : काय तुटलं ते विचारा आणि पूर्ण ऐका

लूकच्या शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसला निघाले आहेत. म्हणजे ते दूर चालले आहेत, पाठ फिरवून. पुनरुत्थित प्रभू त्यांच्यासोबत चालू लागतो, त्यांना अडवत नाही, "मागे फिरा" म्हणत नाही. तुम्ही कशाबद्दल बोलता आहात, एवढंच आधी विचारतो. ते आपली सगळी निराशा सांगतात. तो ती शेवटपर्यंत ऐकतो आणि मगच शास्त्र उलगडतो. साठ स्टेडियांचा, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरचा हा रस्ता आहे. एवढा वेळ आपण कुणाला देतो?

घरातली गर्दी, लग्नकार्य, नाताळची पंगत ही या बोलण्याची जागा नव्हे. दोघंच असताना, हातात काही काम असताना बोला. भाजी निवडताना, गाडीतून जाताना, कुणीतरी इस्पितळात असताना बाहेरच्या बाकावर. मी भावाला एवढंच विचारलं, "त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? मी आत होते, मला नीट कळलंच नाही कधी." तो अर्धा तास बोलला. मी मध्ये एकदाही "पण फादरांचंही..." असं म्हटलं नाही. जीभ चावून बसले. शेवटी म्हणाले, "ते चूक झालं रे. आईच्या प्रेतासमोर तसं कुणी बोलायला नको होतं. आणि मी तेव्हा तुझ्या बाजूनं उभी राहिले नाही, तेही चुकलं." तो काही बोलला नाही. उठून आत गेला आणि दोन कप चहा करून घेऊन आला.

सहा वर्षांच्या उपदेशात मी एकदाही माफी मागितली नव्हती. चर्चच्या वतीनं माफी मागायला बिशप असावं लागत नाही. सामान्य माणसालाही "ते चूक झालं" म्हणता येतं.

अशा वेळी काही वाक्यं कटाक्षानं टाळा. "चर्च म्हणजे फादर नव्हे" हे खरं असलं तरी पहिल्या भेटीत बोलू नका. "सगळीकडे असंच असतं" आणि "मुलांवर काय संस्कार होतील" ही वाक्यं तर कधीच नकोत.

तिसरी पायरी : गाठ ओळखा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गाठी लग्नाच्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या गैरसमजाच्या. म्हणून इथे जरा थांबते.

घटस्फोट झालेल्या बहिणी-भावांना वाटतं की आपण चर्चच्या बाहेर टाकले गेलो. तसं नाही. कोर्टातून घटस्फोट झाला, पण दुसरं लग्न केलेलं नाही, अशा माणसाला केवळ घटस्फोटामुळे ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेण्याची बंदी नसते. हे माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर उपाशी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरं लग्न केलेल्यांनाही चर्चनं वाळीत टाकलेलं नाही. मिस्सेला यावं, मुलांना श्रद्धेत वाढवावं, प्रार्थनेत आणि सेवेत राहावं हे आमंत्रण त्यांनाही आहे. पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीनं मुळात वैध होतं का, हे धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाकडून तपासून घेता येतं. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ही प्रक्रिया सोपी केली. पूर्वी दोन न्यायालयांचा सारखाच निर्णय लागायचा, ती अट गेली. शक्य तिथे ती विनामूल्य असावी, असंही त्यांनी सांगितलं. एक भीती मुद्दाम दूर करते : लग्न रद्दबातल ठरलं तरी मुलं अनौरस ठरत नाहीत. आणि चर्चचा निर्णय वेगळा, सरकारी घटस्फोट वेगळा. दोन्ही लागतात.

दुसरी गाठ आंतरधर्मीय लग्नाची. मुलगी कॅथलिक, मुलगा हिंदू, लग्न रजिस्टर किंवा हॉलमध्ये विधिवत. घरच्यांनी तोंड फिरवलं आणि तिनं चर्चकडे. अशा जोडप्याला सांगा की वाट आहे आणि ती फार अवघड नाही. बिशपांची परवानगी घेऊन लग्न चर्चच्या दृष्टीनं वैध करून घेता येतं. नवऱ्याला धर्म बदलावा लागत नाही. कॅथलिक जोडीदारानं आपली श्रद्धा सांभाळण्याचं आणि मुलांच्या स्नानसंस्कारासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करण्याचं वचन द्यायचं असतं. दुसऱ्याला त्या वचनाची कल्पना द्यायची, त्याच्याकडून वचन घ्यायचं नसतं. जोडीदार चर्चमध्ये पुन्हा उभा राहायला तयार नसेल तर, दोघांची मूळ संमती कायम असल्यास, ती पुन्हा न वदवता लग्न मुळापासून वैध करण्याची सोयही धर्मनियमांत आहे. हा सगळा तपशील तुम्ही स्वतः ठरवू नका. प्रमुख धर्मगुरूंची वेळ घ्या आणि बाहेरच्या बाकावर तिच्यासोबत बसा. त्या बाकापर्यंत एकटं जायला फार धीर लागतो.

तिसरी गाठ सगळ्यात गंभीर. समोरचा माणूस सांगत असेल की चर्चशी संबंधित कुणीतरी त्याच्यावर लहानपणी अत्याचार केला, तर त्या क्षणी श्रद्धेचा विषय पूर्ण थांबवा. त्याच्यावर विश्वास ठेवा. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं 2012 च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे आणि मुलांसाठी 1098 हा मदत क्रमांक आहे. प्रकरण आतल्या आत मिटवू देऊ नका. अशा माणसाला पुन्हा मिस्सेला आणणं हे आपलं पहिलं काम नाही. त्याला न्याय आणि उपचार मिळवून देणं हे आहे.

संस्थेनं दुखावलेल्यांना मी आपल्याच वसईच्या संत गोन्सालो गार्सियांबद्दल सांगते. जपानमध्ये त्यांनी जेझुइटांसोबत धर्मशिक्षकाचं काम केलं, पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला आणि पुढे मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर मारण्यात आलं. 1862 मध्ये ते संत ठरले. एक दार बंद झालं म्हणून त्यांनी प्रभूची वाट सोडली नाही, आणि दार बंद झाल्याचं त्यांना दुःखच झालं नसेल असंही नाही.

बिलीवर मंडळींकडे, म्हणजे कॅथलिक चर्चबाहेरच्या ख्रिस्ती प्रार्थनागटांकडे, गेलेल्यांशी वचनाला वचन लावून भांडू नका. तिथे काय मिळालं ते विचारा. बहुतेकदा उत्तर येतं : कुणीतरी नावानं हाक मारली, आजारपणात घरी येऊन प्रार्थना केली, बायबल उघडायला शिकवलं. यातलं काय आपण दिलं नाही, याचा आधी विचार करा. मग त्यांच्यासोबत बायबल उघडा. मिस्सेतली रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात मत्तय, मार्क आणि लूक यांच्यातून नेतात, हे कित्येकांना ठाऊक नसतं. तिथे पुन्हा बाप्तिस्मा घेतला असेल तरी घाबरायचं कारण नाही. लहानपणीचा स्नानसंस्कार कधी पुसला जात नाही. परतीची वाट कन्फेशनमधून जाते.

विज्ञानाच्या शंका असलेल्या तरुणांना उत्तरं पाठ करून सांगू नका, सोबत वाचा. विश्वाच्या स्फोटक आरंभाची कल्पना मांडणारे जॉर्ज लेमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल हे मठवासी. एवढं कळलं तरी संवाद सुरू होतो. बाकी नुसता आळस किंवा कामाच्या पाळ्या हे कारण असेल तर शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सेनंही रविवार पाळला जातो, एवढं सांगणं पुष्कळदा पुरतं.

चौथी पायरी : न तुटलेला धागा शोधा

इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली होती. भाऊ अकरा वर्षं मिस्सेला आला नाही, हे मी मोजत होते. पण 2 नोव्हेंबरला तो दरवर्षी दफनभूमीत येत होता, एकही वर्ष न चुकता. ते मी कधी मोजलंच नव्हतं.

जवळजवळ प्रत्येकाकडे असा एक धागा असतो. कुणी गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेला येतं. कुणी सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेला मेणबत्ती चढवतं. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला दर दहा वर्षांनी रांगेत उभं राहतं. कुणाच्या गाडीच्या आरशाला अजून रोजरी लटकत असते. "वर्षातून एकदाच येतात" म्हणून त्यांना हसणारी माणसं चर्चच्या आवारातच भेटतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या एका दिवसाला धरून पुढचं पाऊल टाकता येतं.

आमंत्रण त्या धाग्याला धरून द्या. छोटं, एका वेळेचं, नकार देता येईल असं. "परत यायला लाग" हे आमंत्रण नव्हे. "येत्या बुधवारी मी माहीमला नोव्हेनाला जाते आहे, येतोस? नंतर तिथेच जेवू" हे आमंत्रण आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना, म्हणजे सामूहिक विनवणीची प्रार्थना, चालते. सगळ्या धर्मांची माणसं येतात, कुणी कुणाला ओळखत नाही, कुणी "इतके दिवस कुठे होतास?" विचारत नाही. दुरावलेल्या माणसाला गावच्या चर्चपेक्षा अशी जागा आधी सोपी जाते.

भावानं मिस्सेचं विचारलं, तेव्हा मी त्याला ऑफिसची वेळ सांगितली आणि म्हणाले, "मी लावून येऊ की तू येतोस?" तो म्हणाला, "तूच लाव." मी लावली. त्या मिस्सेला तो आला नाही. पुढच्या वर्षी त्यानं स्वतः जाऊन लावली.

पाचवी पायरी : कन्फेशनची भीती घालवा

माणूस मिस्सेला येऊन बसू लागला की तो कन्फेशनपाशी अडतो. वीस वर्षांचं कसं आणि कुठून सांगायचं? शब्दही आठवत नाहीत. हे त्याला सोपं करून सांगा.

पाच गोष्टी असतात : आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूंपुढे कबुली आणि दिलेलं प्रायश्चित्त. एका कागदावर मुद्दे लिहून नेले तरी चालतात, नंतर कागद फाडून टाकावा. सुरुवात अशी करता येते : "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटचं कन्फेशन करून बरीच वर्षं झाली. मी सगळं विसरलो आहे, मला मदत करा." एवढं म्हटलं की पुढची जबाबदारी बरीचशी फादर घेतात. गंभीर पापं सांगायची, आठवतील तशी, साधारण किती वेळा ते सांगून. प्रामाणिकपणे आठवलं नाही ते राहिलं, म्हणून क्षमा अपुरी राहत नाही. जाणूनबुजून मात्र काही लपवायचं नाही.

गुप्ततेबद्दल ठामपणे सांगा. कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरू कुणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाही. ते फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चमधली सर्वात कडक शिक्षा, बहिष्कार, आपोआप लागू होते. तरीही ओळखीच्या फादरांसमोर संकोच वाटत असेल तर दुसऱ्या गावी जावं, त्यात काहीच गैर नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात पुष्कळ चर्चमध्ये कन्फेशनसाठी बाहेरचे धर्मगुरू येतात, ती चांगली संधी असते. पोप फ्रान्सिस यांनी 2014 पासून सुरू केलेल्या "प्रभूसाठी चोवीस तास" या उपक्रमात उपवासकाळाच्या चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी-शनिवारी जगभर चर्चं कन्फेशनसाठी उघडी ठेवली जातात.

तुम्ही सोबत जा, पण रांगेत त्याच्या मागे उभे राहू नका. बाहेर थांबा. बाहेर आल्यावर काय झालं ते विचारू नका. चेहरा कसाही असला तरी "चल, काहीतरी खाऊ" म्हणा.

कन्फेशनआधी तो मिस्सेला येत असेल आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावरच बसून राहत असेल, तर त्याला कोपरानं ढोसू नका. शेजारच्या मावशींनी ढोसलं तर त्यांना नंतर प्रेमानं समजावून सांगा.

आजारपण आणि मरण जवळ आलेल्या माणसाबद्दल थोडं. पवित्र तेल लावण्याचा संस्कार मरणाच्या दारातच घ्यायचा असतो, ही समजूत जुनी आहे. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, म्हातारपणी प्रकृती ढासळू लागली की तो घेता येतो. माणूस शुद्धीवर असताना त्याला विचारा, "फादरांना बोलावू का?" आणि त्यानं नाही म्हटलं तर ते ऐका. पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारता येतं.

सहावी पायरी : परत आल्यानंतरचे पहिले महिने

याच काळात माणसं पुन्हा निसटतात, कारण आपण आनंदाच्या भरात त्यांना गायनमंडळात, वाचकांच्या यादीत, सणाच्या समितीत घालून टाकतो. थांबा. त्याला एखादं काम हवं असेल तर तो विचारेल. फादरांना आधी खासगीत सांगून ठेवा की व्यासपीठावरून त्याचं नाव घेऊन स्वागत करू नका. आणि रविवार मोजू नका.

माझा भाऊ एका जून महिन्यात, पावसातच, पहिल्यांदा सातच्या मिस्सेला आला. दुसऱ्या रविवारी आला नाही. माझा हात फोनकडे गेला होता, पण मी फोन केला नाही. संध्याकाळी त्याला फक्त घरच्या सुकेळ्यांची पिशवी पोचवली. तिसऱ्या रविवारी पहिलं वाचन सुरू झाल्यावर मागचं दार करकरलं, कुणीतरी छत्री झटकली. मी वळून पाहिलं नाही. शांतिचिन्हाच्या वेळी सगळे वळून एकमेकांना हात जोडतात, तेव्हा मीही वळले. तो शेवटून दुसऱ्या बाकावर होता, खांदे भिजलेले. त्यानं हात जोडले, मीही जोडले.